कम्फर्टेबलचे चार तुकडे

आमच्या घरात दुसरी भाकरी मागायची, तर आधी शब्द तोडावा लागे. हे कुणाला सांगितलं की लोकांना वाटतं, बाई विनोद करतेय. विनोद कसला डोंबलाचा! ताटात आंबटगोड कढी आणि भरली वांगी, पोटात कावळे ओरडताहेत, आणि समोर अण्णा, म्हणजे माझे वडील, मांडी घालून बसलेत, डाव्या हाताची बोटं पाटाच्या कडेवर. "हं शुभे, अपार्टमेंट. तोड." मग मी तोडायची. अ, पार्ट, मेंट. प्रत्येक तुकड्याला अण्णांचं एक बोट पाटावर पडे. टक्, टक्, टक्. तुकडा चुकला की बोट हवेतच थांबायचं आणि बोटाबरोबर भाकरीही थांबायची. तुकडे बरोबर आले की उच्चार, उच्चार जमला की उगम. शब्द लॅटिनमधून निघाला की ग्रीकमधून, वाटेत कुठल्या देशात मुक्कामाला राहिला, तिथे त्याचा अर्थ कसा बदलला, हे सगळं अण्णा सांगणार. तोवर कढीवर साय धरलेली असे. आई तव्याजवळून ओरडायची, "अहो, तिची भाकरी गार होतेय. त्या लॅटिनला म्हणावं, तूपण जेवून घे नि मग बोल."

आईलाही सुटका नव्हती. तिला मीठ हवं असलं तर ते इंग्रजीत मागावं, असा अण्णांचा आग्रह. पण माझी आई वस्ताद. तिने एक गोष्ट बरोबर हेरली होती, की काही इंग्रजी शब्दांचा तुकडाच पडत नाही. सॉल्ट. राइस. डाळ तर काय, मराठीतच म्हणायची आणि वर सांगायची, "एकच तुकडा आहे, मोजून घ्या." तिच्या आयुष्यात तिने अखंड शब्दांपलीकडे काही मागितलं नाही आणि दर वेळी तिला ते लगेच मिळालं. मी मात्र मूर्खासारखी "व्हेजिटेबल" मागत बसायची.

ह्या छळाला कारण होतं अण्णांची नोकरी. ते बडोद्यात, रावपुऱ्यातल्या एका छापखान्यात इंग्रजी प्रुफं तपासत. विद्यापीठातल्या लोकांचे प्रबंध, कारखान्यांचे वार्षिक अहवाल, असलं सगळं त्यांच्या लाल पेनाखालून जायचं. छापताना ओळीच्या शेवटी एखादा लांब शब्द मावत नाही, तेव्हा तो तोडून अर्धा खाली न्यावा लागतो. कुठेही तोडून चालत नाही. ऊस जसा पेरावर तोडतात, तसा शब्द त्याच्या सांध्यावरच तोडायचा. हे सांधे अण्णांना हजारोंनी पाठ होते. त्यांचा एक नियम तर ते पुन्हा पुन्हा सांगत: शब्दाचं एकटं अक्षर ओळीच्या टोकाला सोडून द्यायचं नाही. "एकट्याला सोडलं की तो बिचारा कुणाचा, हे वाचणाऱ्याला कळत नाही," असं म्हणायचे. आमच्या बडोद्यातल्या मराठी घरांत कुणाचे आजोबा सरकारात मोठे कारकून, कुणाचे पंडित, असल्या गोष्टी फार. अण्णांना तसं सांगायला काही नव्हतं. त्यांच्याकडे हे सांधे होते.

काम फार झालं की ते प्रुफं घरी आणत, आणि मग माझी पाळी. प्रूफ तपासायला दोन माणसं लागतात. एकाने मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने छापलेल्यावर नजर ठेवायची. शाळेत असल्यापासून ती वाचणारी मी. नुसते शब्द वाचून भागत नाही, बरं का. स्वल्पविराम आला की "कॉमा" म्हणायचं, पूर्णविराम आला की "फुलस्टॉप", मोठं अक्षर आलं की "कॅपिटल". नागरवाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांत संध्याकाळी शेजाऱ्यांना ऐकू येई, "कॅपिटल द कंपनी कॉमा हाउएव्हर कॉमा हॅज सफर्ड अ लॉस फुलस्टॉप." शेजारची पारुल खिडकीतून हाक मारायची, "शुभा, कोनी कंपनी डूबी?" पारुल माझी मैत्रीण. तिचे वडील नंदेसरीच्या केमिकल कारखान्यात होते आणि गल्लीतला पहिला फोन त्यांच्या घरी आला होता. पारुलचं इंग्रजी ऐकलं तर अण्णा कानावर हात ठेवत. "माय पप्पा इज डेली डेली नंदेसरी गोइंग." पण ती बोलायची! दुकानात, कॉलेजात, बसमध्ये, धडाधडा बोलायची, समोरच्याला कळायचं आणि तिचं काम व्हायचं. मी मराठी शाळेत शिकलेली, इंग्रजीचे ढीगभर प्रबंध मोठ्याने वाचलेली, आणि मला साधं "तुमच्याकडे पिवळ्या रंगात आहे का?" हे इंग्रजीत विचारता येत नसे. शब्द यायचा तो तुकड्यातुकड्यांनी, आणि वाक्याच्या मध्येच तोंडातून "कॉमा" निसटायचा. कॉलेजात मुली खोखो हसायच्या. मला रडू यायचं आणि घरी आल्यावर अण्णांचा राग यायचा.

आता माझी पन्नाशी उलटली तरी ती खोड पुरती गेलेली नाही. मुलगी परदेशातून फोन करते आणि मी रागात असले की म्हणते, "आई, तू आत्ता कॉमा म्हणालीस." म्हणाले असेन. जिला लहानपणी कॉमा गिळायला शिकवलं नाही, ती काय करणार?

तर छापखान्यात कॉम्प्युटर आला. त्या वर्षांत सगळीकडेच येत होता. रावपुऱ्यात, मांडवीत, जिथे म्हणून छपाईच्या खिळ्यांचे खोके होते तिथे काचेचे दरवाजे आणि थंड हवेची मशिनं बसली. कॉम्प्युटर शब्द स्वतःच तोडायचा, आणि अण्णांच्या मते गाढवासारखा तोडायचा. पहिल्याच अहवालात त्यांनी लाल पेनाने पानं भरून काढली. शेठ तसे सज्जन. अण्णांना काका म्हणायचे. त्यांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "काका, हवे तो कोम्प्युटर जातेज तोडी ले छे. तमे शांतिथी बेसो ने." कॉम्प्युटर आपोआप तोडतो, तुम्ही निवांत बसा. अण्णांना निवांत बसा म्हणजे शिवीच. त्यांनी लाल पेन शेठच्या टेबलावर ठेवलं आणि भर दुपारी घरी आले. आईने दार उघडलं तेव्हा ते म्हणाले, "मी पेन ठेवून आलो." आईला आधी कळेचना, वाटलं पेन विसरले. कळल्यावर ती एवढंच म्हणाली, "आता दिवसभर घरी? देवा!"

आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. आधी निदान दिवसाचे काही तास घर आमचं असायचं. आता अण्णा सकाळपासून ओट्यावर वर्तमानपत्र घेऊन बसत आणि त्यातल्या चुकांवर शिसपेन्सिलीने खुणा करत. करून द्यायच्या कुणाला? कुणालाच नाही. संध्याकाळी ते वर्तमानपत्र रद्दीत जाई. आणि उरलेलं सगळं लक्ष माझ्यावर. मी चहा गाळत असले तरी टक् टक्, कपडे वाळत घालत असले तरी टक् टक्. माझं बी.कॉम. झालेलं, दोन-तीन ठिकाणांहून सोयरिकीच्या गोष्टी आलेल्या, त्यातला एक मुलगा नागपूरचा, आणि मला नागपूरला जायचं नव्हतं. मला नोकरी हवी होती. हवी म्हणजे नुसती हवी नाही, जीव तुटत होता नोकरीसाठी. सकाळी उठून कुठेतरी जावं, जिथे कुणी माझ्या तोंडातून निघालेला शब्द बोटांवर मोजणार नाही, एवढीच माझी इच्छा होती.

तेवढ्यात पेजरवाले आले. आजच्या मुलांना पेजर सांगावा लागतो. पट्ट्याला अडकवायची काडेपेटीएवढी डबी, तिच्यावर बोलता येत नसे, नुसता निरोप यायचा. निरोप द्यायचा तर तुम्ही कंपनीत फोन करायचा, तिथली मुलगी तुमचं म्हणणं ऐकून टाइप करायची, तुम्हाला परत वाचून दाखवायची आणि पाठवायची. मग त्या माणसाच्या कमरेला डबी वाजायची. बडोद्यात ज्याच्याकडे पेजर तो मोठा माणूस. आमच्या छापखान्याच्या शेठकडेही आला होता आणि ते शर्ट खोचून तो सगळ्यांना दिसेल अशी काळजी घेत. तर ह्या कंपनीला अलकापुरीच्या ऑफिसात मुली हव्या होत्या. पारुलने जाहिरात आणून दिली. मी अर्ज केला. उत्तर आलं, की पहिली परीक्षा फोनवरच होईल, कारण कामही फोनवरच आहे. आमच्याकडे फोन नव्हता. मी पारुलचा नंबर दिला.

अण्णांच्या अंगात आलं. इतके दिवस त्यांना कामच नव्हतं, आता मिळालं. "ते विचारणार काय?" ते म्हणाले. "पहिला प्रश्न हाच, की तुम्ही इंग्रजीत बोलायला कम्फर्टेबल आहात का. सगळे हेच विचारतात. तेव्हा तो शब्द पक्का हवा." आणि आमच्या घरात कम्फर्टेबल सुरू झालं. कम, फर्ट, अ, ब्ल. चार. पाटावर चार बोटं. सकाळी चहाला कम्फर्टेबल, दुपारी डाळढोकळीला कम्फर्टेबल. मी सांगून पाहिलं, की अण्णा, टीव्हीवर बातम्या देणारी बाई असं म्हणत नाही, ती झटकन तिनात म्हणते, कम्फ्-ट-ब्ल. तर म्हणाले, "ती घाईत आहे. तिला पुढची बातमी द्यायची असते." मग उगम. "लोकांना वाटतं कम्फर्ट म्हणजे गुबगुबीत गादी. अजिबात नाही. त्यात तो फर्ट आहे ना, तो लॅटिनमधला बळकट. कुणाला कम्फर्ट देणं म्हणजे बळ देणं. खचलेल्या माणसाच्या पाठीशी उभं राहणं. गादी मागाहून आली." आई म्हणाली, "मग आता पाठीशी उभे राहा आणि तिला जरा झोपू द्या." मी खरंच थकले होते. शब्द इतका चावला होता, की त्याला चवच उरली नव्हती.

फोनच्या दिवशी अण्णा इस्त्रीचा शर्ट घालून तयार. मी म्हटलं, "तुम्ही कशाला?" तर म्हणे, "कोपऱ्यात बसेन. तोंड उघडणार नाही." पारुलच्या दिवाणखान्यात मोठा लाकडी हिंचका, म्हणजे झोपाळा, होता, त्यावर तिची आई, रमीलाकाकी, मेथी निवडत बसलेली. हिंचक्याची कडी कर्र-कर्र वाजायची, सारखी, तो त्या घराचा श्वासच होता. काकी म्हणाल्या, "बेसो बेसो, काका. शुभा, गभराती नहीं." फोन वाजला. पारुलने उचलून माझ्या हातात दिला आणि अण्णा, कोपऱ्यात बसणारे अण्णा, उठून माझ्या खांद्याशी येऊन उभे राहिले.

पलीकडे नायर मॅडम म्हणून कुणी होत्या. आवाज मोकळा, भरभर बोलणारा. नाव विचारलं, शिक्षण विचारलं. मी सांगितलं. अडखळले, पण सांगितलं. पारुलने लांबून अंगठा दाखवला. आणि मग, अण्णांचं भाकीत अगदी शब्दशः खरं करत, मॅडमनी विचारलं, "आर यू कम्फर्टेबल स्पीकिंग इन इंग्लिश, शुभदा?" तिनात. टीव्हीवरच्या बाईसारखं, घाईत. फोनचा आवाज एवढा मोठा, की अण्णांना ऐकू गेलं. त्यांनी माझ्या डोळ्यांसमोर चार बोटं धरली. मी म्हटलं, "येस मॅडम, आय अ‍ॅम कम..." आणि माझ्या शेजारी फोनच्या टेबलावर टक् झालं. माझी जीभ जागच्या जागी थिजली. तिनात म्हणावं तर अण्णा, चारात म्हणावं तर ती बाई हसणार. पलीकडून "हॅलो? हॅलो?" येतंय आणि माझ्या तोंडात तो शब्द अर्धा अडकलेला.

आणि अण्णांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"एक्स्क्यूज मी, मॅडम," ते म्हणाले. मी त्यांचा हात ओढला, त्यांनी हलका बाजूला केला. "धिस वर्ड हॅज फोर सिलेबल्स." आणि मग काय विचारता! चार तुकडे, त्यांचे उच्चार, आणि ओळीच्या शेवटी तोडायचा झाला तर तो एकटा अ कसा पुढच्या तुकड्याबरोबर न्यायचा, ह्याचं संपूर्ण व्याख्यान. हिंचका थांबला. रमीलाकाकींच्या हातातली मेथी हातातच राहिली. अण्णा उगमापर्यंत पोचले होते. "नॉट सोफा, मॅडम. स्ट्रेंग्थ!" पलीकडून मग "थँक यू, अंकल" एवढं ऐकू आलं आणि फोन बंद झाला. अण्णांनी रिसीव्हर जागेवर ठेवला, शर्ट नीट केला आणि अगदी समाधानाने म्हणाले, "समजलं तिला."

मी पारुलच्या घरात काही बोलले नाही. आमच्या ओट्यावर पाय ठेवला आणि फुटले. "तुम्हाला कुणी सांगितलं होतं मध्ये पडायला? तोंड उघडणार नाही म्हणाला होतात ना?" अण्णा म्हणाले, "अगं, पण ती चुकत होती." "असू दे ना चुकत!" मी ओरडले. गल्लीतली माणसं बघायला लागली, बघू देत. "ती चुकते तरी तिला नोकरी आहे. मी बरोबर असून मला नाही. आणि तुम्हीही बरोबर, म्हणून तुम्हालाही नाही!" आई बाहेर आली होती, तिने पदर तोंडाला लावला.  अण्णा आत जाऊन बसले. हे वाक्य मला पुढे पुष्कळदा आठवलं, आणि प्रामाणिकपणे सांगते, ते आजही मला खोटं वाटत नाही. लोक म्हणतात, वडिलांना असं बोलू नये. लोकांचा तोंडापर्यंत आलेला घास त्यांच्या वडिलांनी शब्द तोडायला काढून घेतला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पारुल मला तिच्या लुनावर मागे बसवून अलकापुरीला घेऊन गेली. "मोढुं लईने बेसी रहेवाथी शुं वळशे? चाल," म्हणाली. तोंड पाडून बसून काय होणार. नायर मॅडम ऑफिसात होत्या. उंच, केस कापलेल्या, कानामागे पेन. माझं नाव सांगितलं तर त्या हसायलाच लागल्या. आजवर पुष्कळ मुलींच्या परीक्षा घेतल्या, पण वडिलांनी परीक्षा दिलेली मुलगी पहिलीच, असं म्हणाल्या. मी म्हटलं, मला पुन्हा एक संधी द्या. त्यांनी एक कागद पुढे केला, त्यावर नमुन्याचे निरोप होते. मी वाचायला लागले. वाचणं तर माझ्या हातचा मळ. सवयीने सगळं आलं, कॅपिटल, कॉमा, फुलस्टॉप. मॅडमनी कागद काढून घेतला. "व्हाय आर यू सेइंग कॉमा? कॅन यू नॉट टॉक लाइक अ नॉर्मल पर्सन?" तेव्हा माझं डोकं सणकलं. कालचा राग, अण्णांचा, त्या शब्दाचा, कॉलेजातल्या मुलींचा, सगळा एकदम वर आला. मी इंग्रजीत म्हणाले, की मला कुणी बोलायला शिकवलेलंच नाही, मला फक्त वाचायला शिकवलं आहे, माझ्या घरी भाकरीसुद्धा शब्द तोडल्याशिवाय मिळत नाही, आणि तुम्ही मला काम दिलं नाही तर मी आयुष्यभर तिथे बसून शब्द तोडत राहणार आहे! एका दमात. एक तुकडा नाही, एक कॉमा नाही. व्याकरणाच्या चुका पोत्याने असतील. मॅडम माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "देअर. नाउ यू आर टॉकिंग. सोमवारपासून ये."

नोकरी म्हणजे काचेची एक थंडगार खोली, कानाला हेडफोन, पुढे पडदा. आणि गंमत ऐका. एवढं इंग्रजी इंग्रजी करून जे फोन यायचे, ते जवळजवळ सगळे गुजरातीत. "बेन, लखो, माल रोकी राखजो, भाव नीचे छे." "बेन, लखो, बाने दवाखाने लई गया छीए." कुणाचा माल थांबवायचा, कुणाच्या आईला दवाखान्यात नेलंय, आम्ही ते इंग्रजी अक्षरांत टाइप करायचो. इंग्रजी बोलायचं ते फक्त सुरुवातीचं नमस्काराचं वाक्य आणि शेवटी, निरोप परत वाचून झाल्यावर, "इज इट करेक्ट, सर?" एवढंच. तरी मॅडमनी मला घासून काढलं. कम्फ्-ट-ब्ल, म्हणत. तीन. घरचे सिलेबल घरी ठेवून ये. मी ठेवून येत असे. घरी गेले की ते माझी वाट बघत पाटावर बसलेले असत. "आज काय म्हणाली तुझी मॅडम?" अण्णा विचारत. मी मुद्दाम तिनात म्हणायची. अण्णांचं चौथं बोट हवेत थांबायचं आणि मी हात लांब करून स्वतःची भाकरी स्वतः घ्यायची.

हळूहळू बोटंही थांबली. अण्णा जेवताना काही विचारेनासे झाले. ओट्यावरच्या वर्तमानपत्रावर खुणा दिसेनाशा झाल्या. नुसते वाचायचे, घडी घालायचे, पुन्हा उघडायचे. आई म्हणायची, "एकदा शेठना भेटून या. रावपुरा काय लांब आहे?" तर म्हणत, "मी पेन ठेवून आलोय." मला चीड यायची. एवढा ताठा कशाला? चूक कॉम्प्युटरची असेल, शेठची असेल, जगाची असेल, पण जाऊन बोलायला काय झालं? आईला मी म्हटलं, "बोलत का नाहीत?" ती म्हणाली, "तू तरी बोलायला कधी शिकलीस? ज्यांच्याकडून शिकलीस त्यांनाच येत नाही."

एक दिवस माझी सकाळची पाळी होती. दुपारची मुलगी आली नाही, म्हणून मॅडमनी मला थांबवून घेतलं. घरी हे कुणाला माहीत नव्हतं. त्यांना वाटत होतं, मी सुटून मांडवीत खरेदीला गेले असेन. जेवणानंतरची सुस्त वेळ, फोन कमी. माझ्या कानात घंटी वाजली, मी नमस्काराचं वाक्य म्हटलं. पलीकडून नुसता मागे आवाज येत होता, कर्र-कर्र, कर्र-कर्र. तो हिंचका मी ओळखला. मग अण्णांचा आवाज आला. "गुड आफ्टर-नून." ओळखीच्या माणसाशी बोलतात तसा नाही. अगदी परक्या बाईशी बोलावं तसा.

खाजगी बोलायला आम्हाला सक्त मनाई होती. मॅडम मागच्या टेबलावर बसून कुठलाही फोन ऐकायच्या. मी म्हटलं, "येस सर, पेजर नंबर प्लीज." त्यांनी सांगितला, सावकाश, एकेक आकडा सुटा. पडद्यावर नाव आलं. छापखान्याचे शेठ. मी म्हटलं, "युवर मेसेज, सर?" आणि अण्णा सांगू लागले, जसं मी त्यांना इतकी वर्षं वाचून दाखवलं तसं. "कॅपिटल रिस्पेक्टेड सर कॉमा. आय अ‍ॅम नॉट कम-फर्ट-अ-ब्ल अ‍ॅट होम फुलस्टॉप. काइंडली गिव्ह प्रूफ्स फुलस्टॉप. कॉम्प्युटर मे ब्रेक द वर्ड्स कॉमा..." इथे ते थांबले. हिंचका वाजत होता. "आय विल ओन्ली रीड फुलस्टॉप."

शब्द कॉम्प्युटरने तोडले तरी चालतील, मी नुसतं वाचेन. माझी बोटं टाइप करत होती आणि मला इतका संताप आला, इतका संताप आला म्हणून सांगू! अहो, रावपुरा आमच्या घरापासून चालत जाण्याएवढा. शेठ तर त्यांना काका म्हणणारा माणूस. समोर उभं राहून गुजरातीत दोन वाक्यं बोलायची होती. ती सोडून ह्या माणसाने शेजाऱ्यांच्या घरी जावं, मी कामावर नसेन अशी वेळ बघावी, आणि परक्या मुलीच्या हाती इंग्रजीत निरोप द्यावा! मला हेडफोन फेकून द्यावासा वाटला. ओरडावंसं वाटलं, अण्णा, घरी जा, मी येतेय, आपण दोघं जाऊ. पण मागे मॅडम होत्या, आणि माझं पुढचं काम ठरलेलं होतं. निरोप परत वाचून दाखवायचा.

मी वाचला. "कॅपिटल रिस्पेक्टेड सर कॉमा." मॅडमनी मान वर केली, ते मला काचेत दिसलं. बघू देत. "आय अ‍ॅम नॉट," मी म्हणाले, आणि तो शब्द आला. मला तो तिनात म्हणता आला असता. मी रोज म्हणत होते. मी डाव्या हाताची बोटं टेबलाच्या कडेवर ठेवली आणि म्हटलं, कम, फर्ट, अ, ब्ल. चारही. प्रत्येकाला एक बोट. मग पुढचं वाचलं, कॉम्प्युटरचं, शब्दांचं, नुसतं वाचेन म्हणालेलं, सगळं शेवटपर्यंत. माझा आवाज शेवटी जरा फाटला. मी विचारलं, "इज इट करेक्ट, सर?"

हिंचका थांबलेला होता.  मग अण्णांनी घसा साफ केला.

"शुभे," ते म्हणाले, "शेवटचा फुलस्टॉप राहिला."

मी तो टाकला आणि निरोप पाठवला.